विशेष शिक्षकाचा पगार कोण ठरवतं?

छत्रपती संभाजीनगरमधल्या शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून कुठल्याही दिशेला चालत निघालं, तरी थोड्याच अंतरात शाळांचे सगळे प्रकार भेटतात. महापालिकेची शाळा, शंभर टक्के अनुदानावरची जुनी संस्था, अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहणारी शाळा, आणि सगळा खर्च फीमधून भागवणारी इंग्रजी माध्यमाची शाळा. मराठी माध्यम आहे, उर्दू आहे. यांतल्या कुठल्याही शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गात कमी दिसणारं, कमी ऐकू येणारं, स्वमग्न, अध्ययन अक्षमता असलेलं किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल बसलेलं असू शकतं. त्याला शिकवण्यासाठी विशेष शिक्षक लागतो आणि त्या शिक्षकाची पात्रता देशभरासाठी एकाच परिषदेने ठरवून दिलेली आहे.

पगार मात्र एक नाही. तीच पदविका, तोच नोंदणी क्रमांक, तेवढाच अनुभव असलेल्या दोन शिक्षिकांपैकी एकीच्या खात्यात महिन्याला पन्नास हजारांच्या वर रक्कम जमा होते आणि दुसरीला त्याच्या निम्मीही मिळत नाही. हा फरक कौशल्याचा नाही, मेहनतीचाही नाही. शिक्षिका ज्या पदावर बसली आहे ते पद कुणाच्या आस्थापनेवर आहे, त्याचा पैसा कुठल्या लेखाशीर्षातून येतो आणि नियुक्तीच्या आदेशावर कोणता शब्द लिहिला आहे, यावर तो ठरतो. ही व्यवस्था नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिची झळ शिक्षकापाठोपाठ मुलालाही बसते.

मधल्या तीन इयत्तांचं काम

पाचवीपर्यंत बहुतेक शाळांत वर्गाला एकच शिक्षक असतो. त्याला मूल कळलेलं असतं. सहावीत चित्र पालटतं. तासागणिक शिक्षक बदलतो, विज्ञानात व्याख्या येतात, गणितात अक्षरं येतात, भूगोलात नकाशे येतात. फळ्यावरचं दिसत नसलं तरी बाईंच्या आवाजावर निभावून नेणारं मूल इथे मागे पडायला लागतं. वय बारा-तेराचं. शरीर बदलत असतं, सोबतची मुलं चिडवायला शिकलेली असतात. शाळा सुटण्याचा धोका या वळणावर मोठा असतो. शिक्षण हक्क कायद्याने या तीन इयत्तांना उच्च प्राथमिक स्तर म्हटलं आहे आणि भाषा, गणित-विज्ञान व सामाजिक शास्त्र यांना स्वतंत्र शिक्षक हवेत असं सांगितलं आहे.

विशेष शिक्षकाचं काम म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून पाहू. सातवीतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला पैशांचा व्यवहार शिकवायचा आहे. सुरुवात वर्गात होते. दहाची नोट, वीसची नोट, पन्नासची नोट ओळखायची. जुन्या आणि नव्या नोटांचे रंग वेगळे, त्यामुळे रंगावर विसंबता येत नाही. वीसच्या नव्या नोटेच्या मागे वेरूळचं लेणं आहे. ते ज्याने पाहिलंय त्या मुलाच्या ती खूण चटकन लक्षात राहते. मग खोट्या नोटांचा खेळ, मग खऱ्या नोटा, आणि मग शहागंजची भाजी मंडई. तिथे काम छोट्या पायऱ्यांत तोडलेलं असतं: गाड्यासमोर उभं राहायचं, कोथिंबिरीची जुडी दाखवायची, भाव विचारायचा, नोट द्यायची, हात पुढे ठेवून थांबायचं, परत आलेली नाणी मोजायची, खिशात ठेवायची. प्रत्येक पायरीपुढे शिक्षिका वहीत नोंद करते: स्वतःहून केलं, खुणेने केलं, की हात धरून करवून घेतलं. मूल ‘हात पुढे ठेवून थांबायचं’ या पायरीवर अडलं, तर पुढच्या आठवड्यात नेमकी तेवढीच पायरी घोटायची. घाईच्या वेळी भाजीवाला ओरडला की मूल बिथरतं. म्हणून आधी सकाळची निवांत वेळ निवडायची आणि गर्दीची सवय हळूहळू लावायची. एवढा साधा वाटणारा व्यवहार पक्का व्हायला महिने लागू शकतात. मात्र तो जमला की ते मूल आयुष्यभर स्वतःचं दूध आणि पाव स्वतः आणू शकतं.

दृष्टिहीन मुलासाठी कौशल्य अगदी वेगळं. ब्रेलमध्ये सहा टिंबांच्या मांडणीतून अक्षर उभं राहतं. पाटी आणि टोच्याने लिहिताना कागदावर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटवून डावीकडून उजवीकडे वाचायचं. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर उलटं बसवावं लागतं. सहावीत पदावली आणि समीकरणं आली की टेलर फ्रेमच्या भोकांत अंकांचे खिळे फिरवून मांडणी करावी लागते. कर्णबधिर मुलाला ‘प्रकाशसंश्लेषण’ समजावण्याआधी त्या शब्दासाठी खूण, चित्र आणि ओठांच्या हालचाली यांची सांगड घालावी लागते. शिवाय प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, पालकभेटी, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, साहित्याच्या मागण्या आणि लेखनिक किंवा वाढीव वेळ यांसारख्या परीक्षेतल्या सवलतींची कागदपत्रं हे सगळं याच शिक्षकाकडे असतं.

पात्रता एकच

या क्षेत्राची शिखर संस्था म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. तिचा कायदा १९९२ चा. विशेष शिक्षणातली डी.एड. किंवा बी.एड. ही परिषदेच्या मान्यतेचीच असावी लागते आणि ती झाल्यावर परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणी नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर ठरावीक मुदतीत प्रशिक्षणांना हजेरी लावून गुण मिळवावे लागतात. सामान्य शिक्षकावर असा भार नाही.

पदवी एकेका क्षेत्रात मिळते: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. शाळेत किंवा शाळांच्या केंद्रात विशेष शिक्षक एकच असला की श्रवणदोषाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसावर बाकीच्या सगळ्या प्रकारांची जबाबदारी येऊन पडते. तो ती निभावतो, पण त्याची किंमत वेतनात कुठेच दिसत नाही.

नियमित पदाचा हिशेब

सगळ्यात भक्कम पगार मिळतो तो जिल्हा परिषद, महापालिका किंवा पूर्ण अनुदानित शाळेतल्या मंजूर, नियमित पदावर. महाराष्ट्राने सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला. त्यात प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी एस-१० आहे; मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होतं. माध्यमिक शाळेतला प्रशिक्षित पदवीधर शिक्षक एस-१४ मध्ये येतो. तिथली सुरुवात ३८,६०० रुपयांची. सहावी ते आठवी या दोन्हींच्या मध्ये आहे आणि गुंतागुंत तिथेच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या सगळ्याच विषय शिक्षकांना पदवीधर श्रेणी मिळत नाही. ३३ टक्क्यांनाच ती मिळते, बाकीचे तेच वर्ग शिकवून खालच्या श्रेणीत राहतात. आठवीचा वर्ग जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत आहे की खासगी संस्थेच्या माध्यमिक शाळेत, यावरही शिक्षकाची श्रेणी बदलू शकते. म्हणजे विशेष शिक्षण बाजूला ठेवलं तरी मधल्या इयत्तांचा शिक्षक आधीच दोन श्रेण्यांच्या फटीत अडकलेला आहे.

आता मूळ वेतनावर काय चढतं ते पाहू. महागाई भत्ता जानेवारी २०२५ पासूनच्या दराने ५५ टक्के धरू. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो. मुंबई-पुणे एक्स वर्गात, छत्रपती संभाजीनगर वाय वर्गात, गावं झेड वर्गात. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांच्या वर गेल्यावर हे दर अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के होतात. शहागंजमधल्या एस-१० च्या नव्या नियमित शिक्षकाचा हिशेब असा: मूळ वेतन २९,२००, महागाई भत्ता १६,०६०, घरभाडे ५,८४०, एकूण ५१,१०० रुपये. एस-१४ मध्ये हीच बेरीज ३८,६००, २१,२३० आणि ७,७२० मिळून ६७,५५० रुपयांवर जाते. तोच एस-१० चा शिक्षक खेड्यातल्या शाळेवर असेल, तर घरभाडे २,९२० होऊन एकूण ४८,१८० रुपये. प्रवास भत्ता वेगळा.

हातात येणारी रक्कम याहून कमी असते. व्यवसाय कर कापला जातो. १ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त झालेल्यांपैकी जे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आहेत त्यांच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम त्यात जाते. वरच्या एस-१० च्या उदाहरणात ती ४,५२६ रुपये होते. शासन आपले चौदा टक्के घालतं. हा कापलेला पैसा शिक्षकाच्याच नावावर साठतो, हे नियमित पदाचं दुसरं बळ.

तिसरं बळ काळाचं. दरवर्षी साधारण तीन टक्क्यांची वेतनवाढ मिळते. एस-१० मध्ये २९,२०० वर सुरू झालेलं मूळ वेतन बारा वेतनवाढींनंतर ४१,६०० वर पोचतं, आणि बारा वर्षांची सेवा व प्रशिक्षण पूर्ण झालं की वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी यांची दारं उघडतात. म्हणून नियमित आणि कंत्राटी शिक्षकातली दरी पहिल्या महिन्यात दिसते त्याहून पंधराव्या वर्षी कितीतरी मोठी झालेली असते.

नियमित असूनही अर्धवट

मंजूर पदावर निवड झाली म्हणजे पहिल्या दिवसापासून हा पगार मिळतो असं नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना आहे. पहिली तीन वर्षं वेतनश्रेणी मिळत नाही, ठरावीक मानधन मिळतं. अनेक वर्षं ते प्राथमिकला ६,००० रुपये होतं. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिक-उच्च प्राथमिक स्तरासाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये झालं. सहावीच्या वर्गावर उभा असलेला शिक्षण सेवक १६,००० घेतो आणि शेजारच्या वर्गातला तेवढंच शिकलेला नियमित शिक्षक त्याच्या तिपटीहून जास्त घेतो. ही तीन वर्षं निघून जातात, पण तरुण वयातली तीन वर्षं घरभाडं भरून, कर्ज फेडून काढणं सोपं नसतं.

दुसरा अर्धवट प्रकार अंशतः अनुदानित शाळांचा. शासनाने विनाअनुदानित शाळांना वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदानावर घेण्याचं धोरण ठेवलं. त्यामुळे शाळा वीस, चाळीस, साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर असते आणि शासनाकडून येणारा पगारही तेवढाच. बाकीचा भाग संस्थेने द्यावा अशी अपेक्षा असते. तो कितपत मिळतो हे संस्थेच्या तिजोरीवर आणि दानतीवर अवलंबून. अशा शाळेत वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ क्रमांक या दोन गोष्टींना प्राणाचं मोल आहे. शिक्षणाधिकाऱ्यांनी नावानिशी मान्यता दिल्याशिवाय आणि शालार्थ या पगाराच्या प्रणालीत क्रमांक पडल्याशिवाय वेतन पथकाकडून एक रुपयाही निघत नाही. शिक्षक रोज वर्गात जातो, हजेरीपटावर सही करतो, आणि पगारबिलात मात्र त्याचं नावच नसतं.

योजनेतला शिक्षक

सामान्य शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी महाराष्ट्रात ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं ते बहुतेक विशेष शिक्षक मंजूर पदावर नव्हतेच. ते योजनेतून आले. केंद्राने १९७४ मध्ये दिव्यांग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. पुढे सर्व शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचा भाग आला, २००९ मध्ये माध्यमिक स्तरासाठी वेगळी योजना आली आणि २०१८ मध्ये हे सगळं समग्र शिक्षा योजनेत मिसळलं गेलं. या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० आहे. दरवर्षी वार्षिक आराखडा दिल्लीच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे जातो आणि तिथे मंजूर झालेल्या रकमेतून विशेष शिक्षकाचं मानधन निघतं.

पगाराच्या दृष्टीने याचा अर्थ समजून घ्यायला हवा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार हा शासनाच्या वेतनाच्या खर्चात धरलेला असतो. महागाई वाढली की तो आपोआप वाढतो. योजनेतल्या शिक्षकाचं मानधन हे योजनेच्या खर्चातलं एक कलम असतं, पुस्तकं, शिबिरं आणि उपकरणं यांच्या रांगेतलं. ते एकत्रित मानधन असतं. त्यावर महागाई भत्ता नाही, घरभाडे नाही, श्रेणीतली वेतनवाढ नाही, वरिष्ठ श्रेणी नाही. करार ठरावीक मुदतीचा आणि नूतनीकरण मंजुरीवर. निधी उशिरा आला की मानधनही उशिरा. अशा स्थितीत अनेकांनी पंधरा-वीस वर्षं काढली.

काम मात्र नियमित शिक्षकापेक्षा कमी नव्हतं. फिरत्या विशेष शिक्षकाला एक शाळा नसते. आज एका शाळेत अध्ययन अक्षमतेच्या मुलाचा तास, उद्या दुसऱ्या गावात अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या घरी जाऊन गृहाधारित शिक्षण, परवा तालुक्याच्या मोजमाप शिबिरात श्रवणयंत्रं आणि कॅलिपरसाठी मुलांची रांग. समग्र शिक्षेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. त्यातच मुलींना महिन्याला २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता येतो. तो भत्ता मुलीच्या खात्यात पोचेपर्यंतची कागदपत्रंही याच शिक्षकाने जमवायची.

विशेष शाळांचं वेगळं खातं

दिव्यांग मुलांसाठीच्या स्वतंत्र विशेष शाळा आणि कार्यशाळा शालेय शिक्षण विभागाखाली येत नाहीत. त्या पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याण विभाग वेगळा केला आणि त्या तिकडे गेल्या. पुण्याचं आयुक्तालय त्यांचं प्रशासन पाहतं. मुंबईत १८८५ मध्ये मूकबधिर मुलांची शाळा निघाली तेव्हापासून ही कामं प्रामुख्याने स्वयंसेवी संस्थांनी उभी केली, आणि आजही बहुतेक विशेष शाळा संस्थांच्याच आहेत.

अनुदानित विशेष शाळेतल्या मान्य शिक्षकाला वेतनश्रेणी मिळते. पण वेगळ्या विभागात असण्याचे परिणाम होतात. शालेय शिक्षण विभागात एखादा लाभ लागू झाला, की विशेष शाळांसाठी त्याचा वेगळा शासन निर्णय लागतो, आणि तोवर शिक्षक थांबतात. विनाअनुदानित विशेष शाळेत तर पगार देणग्यांवर आणि फीवर चालतो. तिथे तीच नोंदणी असलेली शिक्षिका, तीच बौद्धिक अक्षमतेची मुलं, आणि संस्थेला परवडेल तेवढंच मानधन. या शाळांतल्या अनेक शिक्षिकांनी केवळ मुलांच्या मायेपोटी आयुष्य घातलं आहे. त्यांच्या मायेवर शाळा चालते म्हणून त्यांना पगार कमी असला तरी चालतो, हा समज आपण सोडला पाहिजे.

खासगी शाळा आणि घरगुती वर्ग

सीबीएसईने आपल्या शाळांना विशेष शिक्षक नेमायला सांगितलं आहे, त्यामुळे शहरातल्या इंग्रजी शाळांत ही नोकरी वाढली. या शाळांतला पगार करारावर ठरतो आणि फीच्या पातळीप्रमाणे बदलतो. राज्य मंडळाच्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती विनियमन कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. नियमावलीच्या ‘क’ अनुसूचीत वेतनश्रेण्या दिल्या आहेत. शाळेला अनुदान नाही म्हणून कायदा लागू नाही, असं नसतं. कागदावर एक रक्कम आणि हातात दुसरी, असं घडलं तर शिक्षकाला दाद मागता येते; मात्र नोकरीच्या भीतीने बहुतेक जण गप्प बसतात.

याशिवाय काही विशेष शिक्षक तासावर काम करतात. कुणी उपचार केंद्रात, कुणी मुलाच्या घरी, कुणी वर्गात मुलाशेजारी बसून त्याला सांभाळणारा सोबती शिक्षक म्हणून. इथे पैसे पालक देतात. मोठ्या शहरात यातून बरी कमाई होते, पण उन्हाळ्याची सुटी लागली की उत्पन्न थांबतं, आणि ज्या मुलाच्या आई-वडिलांची ऐपत नाही त्याला हा शिक्षक मिळतच नाही.

न्यायालयाने काय बदललं

या विस्कळीत चित्राला पहिला मोठा धक्का सर्वोच्च न्यायालयाने दिला. रजनीश कुमार पांडेय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने म्हटलं, की सामान्य शाळेतल्या विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी कायमस्वरूपी विशेष शिक्षक हवेत आणि त्यांचं प्रमाण ठरलं पाहिजे. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत दुरुस्ती केली: पहिली ते पाचवीला दहा मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक. मधल्या इयत्तांसाठी हा आकडा पायाभूत आहे. एखाद्या परिसरातल्या शाळांत सहावी ते आठवीची अशी साठ मुलं असतील तर चार विशेष शिक्षक हवेत, हे आता कायदा सांगतो.

याच खटल्यात ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांना पदं अधिसूचित करायला सांगितलं, आणि वर्षानुवर्षं कंत्राटी किंवा तात्पुरत्या नेमणुकीवर असलेल्या शिक्षकांची पात्रता समितीकडून तपासून पात्र ठरणाऱ्यांना नियमित शिक्षकाची वेतनश्रेणी द्यावी असा मार्ग आखून दिला. महाराष्ट्राने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, शाळांच्या केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करण्याचा आणि समग्र शिक्षेतल्या जवळपास तीन हजार कंत्राटी विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय घेतला होता.

हा निर्णय मोठा आहे. पहिल्यांदाच विशेष शिक्षकाचं पद योजनेतून निघून आस्थापनेवर आलं. त्याच्या मर्यादाही डोळ्यांआड करू नयेत. केंद्र म्हणजे शाळांचा समूह; एका केंद्राला एक शिक्षक आणि पंधरा मुलांमागे एक शिक्षक या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. केंद्रात पन्नास मुलं असली तरी पद एकच राहिलं, तर प्रमाण पाळलं गेलं असं म्हणता येणार नाही. दुसरा प्रश्न सेवाज्येष्ठतेचा. वीस वर्षं मानधनावर काढलेल्या शिक्षकाला आज वेतनश्रेणीची पहिली पायरी मिळाली, तर निवृत्तीपर्यंत त्याची वरिष्ठ श्रेणी कधी येणार? सर्वोच्च न्यायालयानेच २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केलं आहे. त्या तत्त्वाच्या प्रकाशात या वर्षांचा विचार व्हायला हवा.

दुसरीकडे काय होतं

दिल्ली सरकारच्या शाळांत विशेष शिक्षकाचं पद प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या दर्जाचं आहे. केंद्रीय वेतनश्रेणीत त्याची सुरुवात ४४,९०० रुपयांच्या मूळ वेतनापासून होते. इंग्लंडमध्ये विशेष गरजांच्या मुलांना शिकवणाऱ्या पात्र शिक्षकाला नेहमीच्या पगारावर वेगळा भत्ता आहे. अमेरिकेत साधारणपणे प्रत्येक शालेय जिल्ह्याचा एक वेतनतक्ता असतो. त्यात अनुभवाची वर्षं आणि पदवी पाहून पगार ठरतो. विशेष शिक्षक आणि गणिताचा शिक्षक एकाच तक्त्यावर असतात. तरीही विशेष शिक्षक टिकत नाहीत म्हणून हवाईने जानेवारी २०२० पासून त्यांना वर्षाला दहा हजार डॉलर जादा द्यायला सुरुवात केली. तिथला विचार सरळ आहे: काम अवघड, माणसं मिळत नाहीत, तर पैसा वाढवा. आपल्याकडे नेमकं उलट घडलं. जास्त शिकलेल्या, नोंदणीचं बंधन असलेल्या आणि गावोगाव फिरणाऱ्या शिक्षकाला आपण शाळेतल्या सगळ्यात कच्च्या पदावर बसवलं.

नेमणूक स्वीकारण्याआधी

विशेष शिक्षणात येणाऱ्या तरुणाने नियुक्तीपत्र हातात घेतल्यावर काही गोष्टी तिथेच पाहाव्यात. पद मंजूर आहे की योजनेतलं? संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या यादीत, ते दिसतं का? रकमेपुढे वेतनश्रेणी लिहिली आहे की एकत्रित मानधन? शाळेला अनुदान किती टक्के आणि कुठल्या विभागाकडून? वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव कोण आणि कधी पाठवणार? श्रेणी प्राथमिकची की पदवीधरची? आणि आपल्या नोंदणीची मुदत कधी संपते? ती संपली तर मिळालेली मान्यताही धोक्यात येते.

पालकांनाही यात वाटा आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपल्या शाळेत सहावी ते आठवीत विशेष गरजांची किती मुलं आहेत आणि पंधरामागे एक या हिशेबाने किती शिक्षक मिळायला हवेत, हा ठराव त्या समितीत मांडता येतो. मुलांची नोंदच झाली नाही तर पद निर्माण होत नाही, आणि प्रमाणपत्राअभावी नोंद राहून जाते. शहागंजसारख्या दाट वस्तीत, जिथे एकाच गल्लीतली मुलं वेगवेगळ्या माध्यमांच्या आणि व्यवस्थापनांच्या शाळांत विखुरलेली असतात, तिथे ही मोजणी घराघरांत जाऊन करायला हवी.

पगाराचा विचार शेवटी मुलाकडे येऊनच थांबतो. मंडईत नाणी मोजायला शिकणाऱ्या मुलाला एकच शिक्षिका दोन-तीन वर्षं सलग लागते, कारण कोणती पायरी झाली आणि कुठे अडलं हे तिच्या वहीत आणि तिच्या डोक्यात असतं. कराराची मुदत संपून ती गेली किंवा बऱ्या पगारासाठी दुसरीकडे गेली, तर नव्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि त्या मुलाची आठवी तोवर उलटून गेलेली असते. कायद्याने शिक्षकांचं प्रमाण ठरवलं, न्यायालयाने वेतनाचा मार्ग दाखवला, राज्याने पदं निर्माण केली. आता ती पदं मुलांच्या संख्येप्रमाणे भरणं आणि त्यांवर पूर्ण वेतन देणं हे काम उरलं आहे, आणि त्यासाठी दरवर्षीच्या अर्थसंकल्पात तेवढी रक्कम आपण मागत राहिलं पाहिजे.